इन्सब्रुकचा रस्ता नेमका कुणाचा?

युरोप फिरून आलेल्या मराठी माणसाकडे हल्ली एक वाक्य तयार असतं : ‘त्यांनी आपलं शहर आपलं ठेवलं, म्हणून ते इतकं सुंदर राहिलं.’ फोटोंखाली हे वाक्य येतं, घरगुती गप्पांत येतं, कधी लग्नाच्या पंगतीतही कानावर पडतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये तर मी ते थेट जागेवरच ऐकलं. आमच्या सहलीतल्या एका सद्‌गृहस्थांनी मारिया थेरेसिया रस्त्याच्या मधोमध उभं राहून, समोरच्या बर्फाच्या डोंगरांकडे हात करून ते उच्चारलं. त्यांचा रोख माझ्याकडे नव्हता, असं मी धरून चालतो. पण वाक्याला स्वतःचा रोख असतोच. ‘आपलं’ म्हटलं की परकं कोण, हे न सांगता ठरून जातं. शिवाय हे वाक्य ऑस्ट्रियाबद्दल नसतंच. परत आल्यावर इथं, आपल्या गावात वापरण्यासाठी ते तिकडून आणलेलं असतं. म्हणूनच त्याला उत्तर तिथल्याच दगडांच्या साक्षीनं द्यायला हवं.

रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. इन्सब्रुक ही आल्प्स पर्वतातल्या टिरोल प्रांताची राजधानी. इन नदीवरचा पूल, असा शहराच्या नावाचा सरळ अर्थ. मारिया थेरेसिया रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे जुन्या शहरात शिरतो आणि त्याच्या टोकाला नॉर्डकेटेची दोन हजार मीटरहून उंच डोंगररांग भिंतीसारखी उभी राहते. दोन्ही बाजूंना पिवळ्या, गुलाबी, हिरवट रंगांच्या जुन्या इमारती, मध्ये कॉफीची टेबलं, बाकांवर टेकलेली म्हातारी माणसं, आइस्क्रीम चाटणारी पोरं. या रस्त्याच्या उत्तरेकडच्या भागात मोटारींना बंदी आली ती 2009 मध्ये. तोवर आज जिथं माणसं रमतगमत चालतात तिथून गाड्या धावत होत्या. सांगायचा मुद्दा असा की, हा रस्ता मोटारी बाहेर काढल्यामुळं सुंदर झाला. माणसं बाहेर काढल्यामुळं नव्हे. माणसं बाहेर काढण्याचा प्रयोगही या शहरानं करून पाहिला आहे. त्याचा हिशेब पुढं येईलच.

दक्षिणेकडून चालायला लागलं की आधी विजयकमान लागते. ती 1765 ची. सम्राज्ञी मारिया थेरेसियाच्या मुलाचं, लिओपोल्डचं लग्न इन्सब्रुकमध्ये होतं. सोहळा चालू असतानाच नवरदेवाचे वडील, सम्राट फ्रान्सिस, इथंच वारले. त्यामुळं कमानीच्या एका बाजूला लग्नाचा आनंद कोरलाय आणि दुसऱ्या बाजूला मृत्यूचा शोक. आता ही माणसं कुठली, तेही बघा. वारलेले सम्राट लॉरेनचे, जे आज फ्रान्समध्ये आहे. नवरी स्पेनची राजकन्या. नवरदेव पुढं इटलीतल्या टस्कनीवर राज्य करायला गेला. ‘त्यांचं आपलं’ म्हणतात ते शहराच्या या पहिल्याच दारात असं चार देशांचं निघतं.

पुढं रस्त्याच्या मध्यभागी संत ॲनाचा स्तंभ आहे. फोटो बहुतेक सगळे इथंच काढतात, कारण स्तंभावरची मेरी आणि मागचे डोंगर एका चौकटीत बसतात. परकीय आक्रमकाला हाकलून लावलं त्याची ही आठवण. ‘परकीय आक्रमक’ म्हटल्यावर आपल्या मनात कोण येतं? तुर्क, अर्थातच. पण स्तंभ तुर्कांविरुद्धचा नाही. 26 जुलै 1703 रोजी, संत ॲनाच्या सणाला, टिरोलच्या लोकांनी इन्सब्रुकमधून हुसकावलं ते बव्हेरियाच्या फौजेला. बव्हेरियाचे लोक धर्मानं कॅथलिक, बोलीनं जर्मन, आणि टिरोलचे सख्खे शेजारी. त्यांचा शासक माक्स इमानुएल याच माणसानं 1688 मध्ये तुर्कांकडून बेलग्रेड जिंकलं होतं आणि ख्रिस्ती युरोपनं त्याला डोक्यावर घेतलं होतं. पंधरा वर्षांत तारणहाराचा आक्रमक झाला. आज त्याच बव्हेरियाचे पर्यटक या स्तंभाखाली बिअर पितात आणि कुणाच्या भावना दुखावत नाहीत. परका कोण, हे रक्तानं किंवा धर्मानं ठरत नाही. ते त्या त्या वेळच्या सत्तेच्या गरजेनं ठरतं, आणि गरज बदलली की बदलतं. या स्तंभातून मला तरी एवढंच कळतं.

स्तंभापासून जवळच एक मोठं व्यापारी संकुल आहे, काउफहाउस टिरोल. डेव्हिड चिपरफील्ड या नामवंत वास्तुविशारदानं त्याला नवं रूप दिलं. खरेदीला सगळे आत जातात. जागेचा इतिहास फार कमी लोक विचारतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं ‘बाउअर अँड श्वार्त्स’ नावाचं दुकान उभं राहिलं. मालक ज्यू होते. मार्च 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि त्याच वर्षी दुकान मालकांच्या हातून काढून घेतलं गेलं. या लुटीला त्या राजवटीनं ‘आर्यीकरण’ असं सोज्वळ नाव दिलं होतं. म्हणजे मालमत्ता ‘आपली’ करून घेणं. त्याच वर्षीच्या 9 आणि 10 नोव्हेंबरच्या मधल्या रात्री शहरातल्या ज्यूंच्या घरांत मारेकरी घुसले. त्या हिंसेत चार जणांचा बळी गेला. मोजकी घरं असलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी ती जमात. मारणारेही कुठून दुरून आलेले नव्हते. याच शहरातले लोक होते.

सद्‌गृहस्थांच्या वाक्याला खरं उत्तर इथं मिळतं. शहर पूर्णपणे ‘आपलं’ करण्याचा कार्यक्रम इन्सब्रुकनं राबवला, तो याच वर्षी. त्यातून सौंदर्य आलं नाही. लुटलेली दुकानं आली, रिकामी घरं आली, आणि डिसेंबर 1943 पासून बॉम्ब आले. आज जे शहर पाहून आपण हरखतो, ते त्या कार्यक्रमाच्या पराभवानंतर उभं राहिलेलं आहे. त्या चार मृतांची नावं असलेलं स्मारक या रस्त्यापासून काही मिनिटांवर, प्रांतिक सरकारच्या इमारतीसमोरच्या चौकात आहे. सात फांद्यांच्या ज्यू दीपवृक्षाच्या आकाराचं. ते 1997 मध्ये उभं राहिलं आणि त्यामागं शाळकरी मुलांचा पुढाकार होता. बापजाद्यांनी साठ वर्षं जे बोलायचं टाळलं, ते नातवंडांनी चौकात आणून ठेवलं.

जुन्या शहरात शिरलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे लागतात, आणि समोर ते प्रसिद्ध सोनेरी छत दिसतं. सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनसाठी बांधलेला हा सज्जा 1500 साली पूर्ण झाला. छतावर सोन्याचा मुलामा दिलेले 2657 तांब्याचे पत्रे आहेत. हा आकडा गाइड हमखास सांगतो, लोक मान वर करून छत बघतात आणि गर्दी पुढच्या दुकानाकडं सरकते. नजर छतावरून जरा खाली आणली तर सज्जावर कोरलेली चित्रं दिसतात. कमरेतून वाकलेले, हातपाय फेकत नाचणारे पुरुष. या नाचाचं नाव मोरिस्का. म्हणजे मूरांचा नाच. मूर म्हणजे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतले मुसलमान.

आल्प्समधल्या या ‘अस्सल’ शहराच्या सर्वांत मानाच्या दागिन्यावर मुसलमानांचं नाव नाचतंय, हे वाचून आपल्यापैकी काहींची छाती फुगेल. जरा थांबा. नाचणारे खरे मूर नव्हेत. मूरांच्या नावानं युरोपच्या दरबारांत काढलं जाणारं ते सोंग होतं. त्याच सुमारास खऱ्या मूरांचं काय चाललं होतं? 1492 मध्ये ग्रॅनडा पडलं. मुसलमानांना धर्म पाळू देऊ, हे तेव्हाचं वचन होतं. 1499 पासून ते मोडत गेलं आणि सक्तीची धर्मांतरं सुरू झाली. हे करणारे फर्डिनांड आणि इसाबेला कोण? मॅक्सिमिलियनचे व्याही. त्यांची मुलगी मॅक्सिमिलियनच्या मुलाला दिली होती. पुढं 1609 पासून स्पेनमधल्या धर्मांतरित मूरांच्या वंशजांनाही देशाबाहेर काढण्यात आलं, तो हुकूम काढणारा राजा मॅक्सिमिलियनचा खापरपणतू. घराण्याला सज्जावर मूर हवा होता. शेजारी नको होता. परक्याचं संगीत, जेवण, कपडे, नाच सगळं चालतं, फक्त तो स्वतः चालत नाही, ही रीत जुनी आहे. जगात बऱ्याच ठिकाणी ती अजून चालू आहे.

म्हणून आपल्या लोकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘युरोपकडं जे आहे ते सगळं आपणच दिलं’ ही फुशारकी सद्‌गृहस्थांच्या वाक्याचीच दुसरी बाजू आहे. पळालेल्या तुर्कांच्या पोत्यांतून व्हिएन्नाला कॉफी मिळाली, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. प्रत्यक्षात व्हिएन्नातलं पहिलं कॉफीगृह 1685 मध्ये काढलं ते एका अर्मेनियन, म्हणजे ख्रिस्ती व्यापाऱ्यानं. तेही रस्त्यावर ‘आपलं’ नाव शोधतात, आपणही तेच शोधतो. मग भांडण फक्त पाटी कुणाची लावायची एवढंच उरतं. रस्ता त्यावरून चालणाऱ्यांचा असतो, हे दोघांनाही मान्य करायचं नसतं.

सोनेरी छताच्या इमारतीवर आणखी एक पाटी आहे. याकोब हुटर नावाच्या माणसाची. तो ख्रिस्तीच होता. लहान मुलाला बाप्तिस्मा देऊ नये, शस्त्र हाती धरू नये, मालमत्ता सगळ्यांची सामायिक असावी, एवढं म्हणणाऱ्या पंथाचा पुढारी. 25 फेब्रुवारी 1536 रोजी या छतासमोर त्याला जिवंत जाळलं. तेव्हा सत्तेवर होता मॅक्सिमिलियनचा नातू. हुटरचे अनुयायी देशोधडीला लागले; त्यांचे वंशज आज कॅनडा आणि अमेरिकेत शेती करतात. ‘आपलं’ शहर शुद्ध करण्याचं काम परक्यांपाशी कधीच थांबत नाही, हे या पाटीवरून कळतं. परके संपले की आपल्यातले कमी शुद्ध शोधले जातात. आपल्या समाजात एकमेकांच्या मसलकांवर कुफ्रचे फतवे काढणाऱ्यांनीही या पाटीसमोर दोन मिनिटं उभं राहावं.

आणि मुसलमान? ते या देशात कालपरवा घुसलेले नाहीत. 1878 मध्ये ऑस्ट्रियानं बोस्निया ताब्यात घेतला, 1908 मध्ये तो साम्राज्याला जोडला. म्हणजे मुसलमान ऑस्ट्रियात आले नव्हते. ऑस्ट्रिया मुसलमानांच्या घरात गेला होता. त्यांना 1912 मध्ये कायद्यानं धार्मिक मान्यता मिळाली. हनफी मुसलमान सम्राटाचे प्रजाजन झाले, आणि पहिल्या महायुद्धात फेझ टोपी घातलेल्या बोस्नियाई पलटणी याच आल्प्सच्या आघाडीवर इटलीविरुद्ध लढल्या. पुढं 1964 मध्ये ऑस्ट्रियानं तुर्कस्तानशी करार करून कामगार मागवले. कारखान्यांना माणसं हवी होती. पण इन्सब्रुकच्या पश्चिमेला टेल्फ्स गावी याच कामगारांनी मशिदीला मिनार बांधायचं म्हटलं तेव्हा गाव पेटून उठलं. अखेर 2006 मध्ये मिनार झाला, 20 ऐवजी 15 मीटरचा, अजान न देण्याच्या अटीवर. हात हवेत, आवाज नको.

1 ऑक्टोबर 2017 पासून ऑस्ट्रियात सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला बंदी आहे. दंड 150 युरोपर्यंत. मी नकाबचा पुरस्कर्ता नाही आणि या ब्लॉगच्या वाचकांना ते नव्यानं सांगायला नको. पण बाईनं चेहरा झाकावा की नाही हे काझीनं ठरवू नये, तसं शिपायानंही ठरवू नये. आखातातून येणाऱ्या कुटुंबांचे पैसे या देशातल्या हॉटेलांना चालतात. त्यातली बाई रस्त्यावर फिरायला निघाली की ती गुन्हेगार ठरते. छतावरच्या मूराचीच ही आजची आवृत्ती आहे.

इन्सब्रुकचं मोठेपण नाकारण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या भिंतीवर सोनं आहे, त्याच भिंतीवर जाळलेल्या माणसाची पाटी लावायला शहराला धैर्य लागतं. पर्यटक वैतागतील, फोटो बिघडेल, अशी भीती त्यांनी बाळगली नाही. युरोपहून काही आणायचंच असेल तर ते हे आणा. आपल्या रस्त्यांवर, चौकांत, वाड्यांत कुणाकुणाचा हात लागला आणि कुणाकुणावर हात उचलला गेला, हे दोन्ही एकाच भिंतीवर लिहिण्याची हिंमत. ती सामानात वजनाला जड नाही, विमानतळावर तिच्यावर जकातही लागत नाही. तरी सहलीवरून परतणाऱ्यांच्या बॅगांत स्फटिकाचे हंस निघतात, चॉकलेटं निघतात, आणि ते एक तयार वाक्य निघतं.