केसपेपरच्या खोलीतून वरच्या खुर्चीत

आपल्या घरात 'सिस्टर' म्हटले की दोन बाया डोळ्यांसमोर येतात. एक हॉस्पिटलात इंजेक्शन देणारी नर्स आणि दुसरी गळ्यात क्रूस घातलेली ख्रिस्ती धर्मभगिनी. दोघींना एकच नाव पडले ते उगीच नाही. युरोपात शेकडो वर्षे रोग्यांची शुश्रूषा बऱ्याच अंशी मठातल्या बायांच्या हाती होती. पुढे अमेरिकेतही कितीतरी शहरांत या धर्मभगिनींनी रुग्णालये उभी केली, आणि नुसती उभी केली नाहीत तर चालवली. ज्या काळात बाईला बँकेत की कचेरीत वरची खुर्ची मिळत नव्हती, त्या काळात तिथे एक बाई अख्ख्या हॉस्पिटलची प्रमुख असे. नोकरांचे पगार, औषधांचा साठा, डॉक्टरमंडळींची भांडणे, सगळे तिच्याच टेबलावर येई.

अशी सिस्टर निवृत्त झाली की तिचा सत्कार होतो. आमच्याकडेही महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या आया आणि नर्स निवृत्त होतात, तेव्हाची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. शाल, पुष्पगुच्छ, भिंतीवरचे घड्याळ, आणि मग 'त्यागमूर्ती', 'सेवेचा निर्मळ झरा' वगैरे. शब्द वाईट नाहीत. पण त्या शब्दांच्या ढिगाखाली एक गोष्ट हटकून बुजते. या बाईने कोणते दार ठोठावले होते आणि ते किती दिवस उघडले नव्हते, हे कोणी सांगत नाही. आज आम्ही वाचकभगिनींना अशा एका सिस्टरची ओळख करून देणार आहोत, जिचा सत्कार त्या बंद दारासकटच करावा लागतो.

त्यांचे नाव सिस्टर मेरी अँटोना एबो. जन्म १९२४ चा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी. जात कृष्णवर्णीयांची. (तिकडे तिला जात म्हणत नाहीत, वंश म्हणतात. चटका तोच.) आई लहानपणीच वारली. पुढे मंदीचे दिवस आले, आणि भावंडांची रवानगी काळ्या मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या अनाथगृहात झाली. अनाथालासुद्धा रंग पाहून छप्पर मिळत होते! मोठेपणी मुलीने कॅथलिक धर्म स्वीकारला. गावच्या कॅथलिक हायस्कुलातून १९४४ साली उत्तीर्ण होणारी ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. तिला नर्स व्हायचे होते. पण कॅथलिकांच्याच नर्सिंग शाळेने तिला घेतले नाही. कारण रंग.

मग ती सेंट लुईस शहरात आली. तिथे सेंट मेरीज इन्फर्मरी नावाचे रुग्णालय होते. ते चालवणाऱ्या धर्मभगिनींचा संघ जर्मनीतून आलेल्या मदर ओडिलिया बर्गर यांनी १८७२ साली स्थापन केलेला. हे रुग्णालय पुढे कृष्णवर्णीयांसाठी राखले गेले होते, आणि काळ्या मुलींना नर्सिंग शिकवणारी शाळाही तिथेच होती. महायुद्धामुळे नर्सेसचा तुटवडा पडला होता. सरकारच्या योजनेतून मुलींना शिक्षण मिळत होते, त्यात हिचाही नंबर लागला.

१९४६ साली त्या संघाने प्रथमच कृष्णवर्णीय मुलींना दीक्षेसाठी घेतले. तिघी होत्या, त्यांत एक एबो. आता वाचकांना वाटेल, चला, मठात तरी समता आली. पण तिथेही गोऱ्या उमेदवार मुलींची राहण्याशिकण्याची सोय वेगळी आणि काळ्यांची वेगळी. एकच देव, एकच व्रत, एकच पेहराव, आणि मध्ये भिंत! पाणवठ्याची आठवण असलेल्या घरांना आम्ही याहून अधिक काय सांगावे?

हे १९४६ साल आम्हाला वारंवार थांबवते. त्याच वर्षी अमेरिकेत रुग्णालये बांधायला सरकारी पैसा देणारा हिल-बर्टन कायदा झाला, आणि 'वेगळे पण समान' या नावाखाली काळ्यांना निराळे ठेवायची मुभा त्या कायद्यातच होती. आणि त्याच वर्षी इकडून बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या निग्रोंनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. दोन्हीकडचे दुखणे एकमेकांना ठाऊक होते.

सिस्टर एबो यांनी पुढे काम धरले ते मेडिकल रेकॉर्डचे. सरकारी हॉस्पिटलात केसपेपरसाठी रांगेत उभे राहिलेल्यांना त्या खोलीचे महत्त्व सांगायला नको. केसपेपर हरवला की रोगी हरवला. कोणाला काय झाले होते, कोणी काय औषध दिले, काय राहून गेले, हे सगळे त्या कागदांत. १९६२ साली त्यांनी सेंट लुईस विद्यापीठातून याच विषयाची पदवी घेतली आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. आमच्या मते त्यांच्या पुढच्या कारभाराचा पाया या खोलीत घातला गेला. हॉस्पिटल खऱ्या अर्थाने कळते ते कागद नीट ठेवणाऱ्याला.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामा राज्यातील सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मोर्च्यावर पोलिसांनी पुलावर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. जखमींना नेले गेले ते गुड समॅरिटन हॉस्पिटलात. तेही धर्मभगिनीच चालवत असत. इकडे सेंट लुईसमध्ये सिस्टर एबो सोबतच्यांना म्हणाल्या होत्या की, अंगावर हा पेहराव नसता तर मी सेल्माला गेले असते. आणि खरोखरच विचारणा आली! १० मार्चला त्या विमानाने सेल्माला पोहोचल्या. सोबतच्या धर्मभगिनींत कृष्णवर्णीय त्या एकट्या. वार्ताहरांपुढे त्यांनी सांगितले की मी निग्रो आहे, नन आहे, कॅथलिक आहे, आणि साक्ष द्यायला आले आहे. मी काल माझ्या शहरात मत देऊन आले, तो हक्क इथल्यांनाही मिळाला पाहिजे. मोर्चा थोड्याच अंतरावर अडवला गेला. पण ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

रुग्णालयांची दारे उघडण्याचे कारण मात्र निराळे, आणि ते आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असे ठरवले की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला भेदभाव करता येणार नाही. १९६६ च्या जुलैत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर ही विमा योजना सुरू झाली. ज्याला त्या योजनेचे पैसे हवे त्याने वॉर्डातली काळ्या-गोऱ्यांची भिंत पाडावी, असा दंडक पडला. काही महिन्यांत हजारावर रुग्णालयांनी ती पाडली. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे झाले नव्हते ते अनुदानाच्या अटीने झाले. हृदयपरिवर्तनाच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

१९६७ साली सिस्टर एबो विस्कॉन्सिन राज्यातील बाराबू शहरी, सेंट क्लेअर हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेत रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय धर्मभगिनी. बाराबू हे रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचे गाव म्हणून प्रसिद्ध. वस्ती बहुतेक सगळी गोऱ्यांची. जिला नर्सिंगच्या वर्गात बसू दिले नव्हते, तिच्या सहीने आता नर्सेसच्या नेमणुका होणार होत्या. आणि ही खुर्ची तिला दिली ती कोणी? ज्यांनी तिला दीक्षा घेताना वेगळ्या खोलीत ठेवले होते त्याच संघाने. त्यांच्या श्रेयाला आम्ही कात्री लावत नाही. पण या दोन्ही गोष्टी एकाच मानपत्रात लिहाव्यात, एवढाच आमचा आग्रह. त्या स्वतः तर भिंतीची गोष्ट सांगायला कधी लाजल्या नाहीत.

वरची खुर्ची मिळाली म्हणून त्या आपल्या माणसांपासून तुटल्याही नाहीत. १९६८ साली कृष्णवर्णीय धर्मभगिनींची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्या होत्या आणि पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या. हॉस्पिटलचा कारभार सोडल्यावर त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसण्याचे, धीर देण्याचे काम पत्करले. आपल्याकडे साहेब निवृत्त झाला की वॉर्डाकडे फिरकत नाही. ही बाई प्रमुखपदावरून उठली आणि खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. सत्कारही पुष्कळ झाले, विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिल्या, २००७ साली सेल्माला गेलेल्या या भगिनींवर माहितीपट निघाला.

२०१४ च्या ऑगस्टात सेंट लुईसजवळच्या फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि लोक रस्त्यावर उतरले. सिस्टर एबो तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. त्या तिथल्या प्रार्थनासभेला गेल्या. पुढे ११ नोव्हेंबर २०१७ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.