मृतांची मोजणी जिवंतांसाठी

शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पोलिसांनी गांजाची शेती वारंवार उद्ध्वस्त केली आहे. किती किलो माल जप्त झाला, हे दरवेळी वृत्तपत्रांतून कळते. मात्र धुळे व जळगाव जिल्ह्यांत नशेमुळे वर्षभरात किती माणसे दगावली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक गांजाच्या अतिसेवनाने थेट मृत्यू क्वचितच ओढवतो. अफूजन्य औषधे, झोपेच्या गोळ्या व दारू एकत्र घेतल्यास श्वास मंदावून माणूस दगावतो. म्हणजेच जप्तीचे आकडे खऱ्या धोक्याचे माप ठरत नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे ६८१ मृत्यू देशभरात नोंदविले. त्याच वर्षी अमेरिकेत अशा मृत्यूंची संख्या १ लाख ७ हजारांवर होती. तेथे फेंटानिलने थैमान घातले होते, हे खरे. परंतु २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार भारतात अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी आहेत. त्यामुळे ६८१ हा आकडा पूर्ण मानणे आम्हास कठीण जाते.

मग उरलेले मृत्यू कोठे जातात? २०२० साली देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले की प्रश्न मिटतो. पण हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते! त्यातच कुटुंबाला बदनामीची व पंचनाम्याची धास्ती असते. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, तेव्हा सरकार हलले, कारण ते मृत्यू एकाच वेळी घडले. एकेकट्याने होणारा मृत्यू मात्र कोणाच्याच हिशेबात येत नाही.

२०२३ च्या कायदादुरुस्तीने रुग्णालयांवर मृत्यूचे कारण प्रमाणित करण्याची जबाबदारी टाकली आहे. आता पुढचे पाऊल हवे. व्हिसेराचा अहवाल पोलिसांच्या दप्तरात न थांबता जिल्हा आरोग्य यंत्रणेकडेही जावा. कोणत्या तालुक्यात, कोणत्या वयात, कोणत्या पदार्थाने मृत्यू झाला, याचा गोषवारा नावे वगळून दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावा. त्यावरूनच व्यसनमुक्ती केंद्र कोठे हवे आणि अफूजन्य पदार्थांवरील उतारा असलेले नॅलोक्सोन कोणत्या रुग्णालयात ठेवावे, हे ठरविता येईल.

ही नोंद कोणाला दोषी ठरविण्यासाठी नव्हे. गेलेला मुलगा परत येणार नाही. परंतु त्याच्या मृत्यूचे खरे कारण लिहिले गेले, तर शेजारच्या घरातला मुलगा वाचू शकेल.