नंदीबैलाची मान

जालना जिल्ह्यातील वाचकांस नंदीबैल नवा नाही. ढोलके वाजते, मालक विचारतो, ‘यंदा पाऊस बरा होईल का?’, आणि झूल पांघरलेले ते जनावर मान डोलवते. मान मालकाच्या इशाऱ्यावर हलते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हणून पसाभर धान्य घालून माणसे हसत आपल्या कामाला लागतात. शेअरबाजाराची गोष्ट निघाली की मात्र हे शहाणपण आमच्या सुशिक्षित वर्गास सोडून जाते, याचा आम्हांस विषाद वाटतो.

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्राने २०१२ साली एक गंमत केली. ऑर्लँडो नामक मांजराने आकड्यांच्या तक्त्यावर खेळण्यातला उंदीर टाकावा आणि त्या आकड्याचे शेअर घ्यावेत. समोर धंद्यातले जाणकार. प्रत्येकी ५,००० पौंडांचे वर्षअखेर मांजराचे सुमारे ५,५४२ झाले, जाणकारांचे ५,१७६. एका वर्षाच्या खेळावरून मार्जारशास्त्र उभारावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या मांजराच्या वेसणीची दोरी कोणाच्या हाती नव्हती, एवढे खरे.

शिवाय मांजराने शेअर घेतले होते. कंपनी नफा मिळवते तेव्हा आंधळेपणाने निवडणाऱ्याच्या पदरीही काही पडते. वायदे व ऑप्शन यांत एकाची मिळकत ती दुसऱ्याची खोट. दलाली आणि कर मात्र दोघांच्याही खिशातून. तेथे मांजरेही सरासरीने बुडतील. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक! आणि बुडालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक पुन्हा त्याच डावावर बसले.

मोसंबी हातात घेतल्यावाचून भाव न बोलणारा, सळई काट्यावर चढल्याखेरीज पैसे न मोजणारा जालन्याचा गृहस्थ मोबाइलवरील अनोळखी इसमाच्या शब्दावर मुलीच्या लग्नाची पुंजी लावतो, हे कोडे आम्हांस उलगडत नाही. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने सेबीकडे नोंदणी करावी, असा २०१३ पासून नियम आहे. तो नोंदणी क्रमांक मागून पडताळण्यात संकोच कसला? नंदीबैलवाला निदान आपला बैल घेऊन दारात उभा राहतो, आणि पाऊस पडो वा न पडो, पुढल्या वर्षी त्याच दारी येतो.