पाच तासांचे दुब्रोवनिक

छातीवर १७ आकड्याची गोल चिकटपट्टी लावून मी दुब्रोवनिकमध्ये प्रवेश केला. पुढे सोळा नंबरवाले, मागे अठरा. आमचे जहाज सकाळी आठला ग्रूझ बंदराला लागले होते. उतरण्याची रांग, मग बस, मग पिले दरवाजावरची खेचाखेच यांत साडेदहा वाजले. ‘साडेतीनला बस सुटेल, मागे राहणाऱ्यांनी आपापली सोय पाहावी’ असे सज्जड बजावलेले होतेच. म्हणजे पाच तास! आठ दिवसांत पाच बंदरे दाखवण्याची हमी देणाऱ्या सहलीत एवढेच मिळायचे.

गंमत अशी, की जहाजातून येणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवण्याचा कायदा याच शहराने केला होता. १३७७ साली दुब्रोवनिकच्या सभेने ठरवले, की प्लेगच्या मुलखातून आलेल्याने आधी तीस दिवस बाहेर काढावेत, मगच वेशीच्या आत यावे. पुढे जगाने ‘क्वारंटाइन’ म्हणून जे स्वीकारले, त्याच्या पहिल्या कायद्यांपैकी हा एक. एका छोट्या व्यापारी प्रजासत्ताकाने आपले दरवाजे पूर्ण बंदही केले नाहीत आणि सताड उघडेही टाकले नाहीत. नेपोलियनच्या राजवटीने १८०८ साली ते बुडवले; तोवर शतकानुशतके ते या धोरणीपणावर टिकून होते.

मार्गदर्शक बाईंनी मिटलेली छत्री उंच धरली आणि आम्ही निघालो. पंधराव्या शतकातले ओनोफ्रिओचे कारंजे. सुमारे बारा किलोमीटरवरून पाणी आणणारी ती योजना. आजही लोक तिथे बाटल्या भरून घेतात. आम्हीही भरल्या. फ्रान्सिस्कन मठातले १३१७ सालचे औषधालय बाहेरून. मग स्त्रादुन हा मुख्य रस्ता, पावलांनी घासून आरशासारखा झालेला. तटावर चढायला वेळ नव्हता.

स्पोंझा महालात मात्र मी अडकलो. आत एका खोलीत भिंतीभर तरुणांची छायाचित्रे आहेत, १९९१-९२च्या वेढ्यात शहर राखताना गेलेल्यांची. ६ डिसेंबर १९९१च्या त्या भीषण तोफमाऱ्यानंतर वृत्तपत्रात छापलेले धुराने वेढलेल्या तटाचे छायाचित्र मला आठवत होते. ते पाहिले तेव्हा मी या मुलांच्याच वयाचा होतो. चेहरे एकेक करून पाहावेत असे वाटत होते. तेवढ्यात दारातून हाक आली, ‘‘अहो, छत्री पुढे गेली! फोटो काढून घ्या, घरी बघा.’’ मी फोटो काढला. घरी अजून पाहिलेला नाही.

समोरच सेंट ब्लेजचे चर्च. त्याच्या पायऱ्यांवर आमच्या गटाने बूड टेकले, आत कोणी गेले नाही. परतल्यावर वाचनात आले, की जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळीतले सांव ब्राझचे चर्च याच संताचे आणि त्याचा संबंध सोळाव्या शतकात इथून गेलेल्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. दोन हातांवर आपल्या गोव्याचे नाते होते आणि आम्ही तिथे वेफर्स खात होतो.

आता हिशेबाचे बोलू. जेवणाचे पैसे जहाजावर आधीच भरलेले, त्यामुळे बहुतेकांनी गावात कॉफीपलीकडे काही घेतले नाही. गावाच्या वाट्याला आमचे धक्के आणि स्वच्छतागृहापुढची रांग. १९९१मध्ये तटाच्या आत पाच हजारांच्या आसपास माणसे नांदत होती. आता त्यांच्या एक तृतीयांशही उरलेली नाहीत. उरलेल्यांपैकी एक आजी गल्लीत कपडे वाळत घालत होत्या. आमच्यातल्या चौघांनी त्यांच्यावर कॅमेरे रोखले. आजींनी खिडकी लावून घेतली.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. दुब्रोवनिकने २०१९पासून एका वेळी दोनच मोठी जहाजे घेण्याचे धोरण धरले. व्हेनिसने २०२१मध्ये मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला मनाई केली आणि २०२४मध्ये ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. जहाजांवरची मर्यादा मला पटते, पाच युरो पटत नाहीत. ते आम्ही हसत दिले असते आणि तसेच धावलो असतो. मागायचीच तर रात्र मागावी. जहाजाने मुक्काम करावा, माणसांनी गावात जेवावे, छत्र्या मिटून ठेवाव्यात. बंदरे पाचाची तीन झाली तर होऊ देत. अर्थात जाहिरातीत ‘तीन बंदरे’ वाचून आम्ही पैसे भरले असते का, हा प्रश्न मी घरी विचारून पाहिला. उत्तर मिळाले नाही.

साडेतीनला प्लोचे दरवाजाबाहेर बस उभी होती, पण सतरा नंबरातले दोघे बेपत्ता. तिथे शेजारीच लाझारेती, म्हणजे सतराव्या शतकात पुरी झालेली विलगीकरणाची दगडी घरे. त्यांच्या भिंतीला टेकून आम्ही चाळीस मिनिटे उभे राहिलो. साऱ्या दिवसात एका जागी इतका वेळ थांबलो नव्हतो. ऊन कलले, तटाचा रंग मधासारखा झाला, खाली पाण्यात दोन मुले सूर मारत होती. मार्गदर्शक बाईही पहिल्यांदाच गप्प होत्या. मग ते दोघे हातात आइस्क्रीम घेऊन धापा टाकत आले आणि साऱ्या बसने त्यांना फैलावर घेतले.