चमकणारी मोहोर आणि शेवटचा धारक

कापले तरी पुन्हा सांधणारी आणि अतिनील प्रकाशातच आपला मजकूर प्रकट करणारी बहुवारिके गुप्त माहिती जपण्यासाठी प्रयोगशाळांतून सिद्ध होत आहेत. शास्त्रज्ञांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तेलगी आठवतो. ३० वर्षांची सक्तमजुरी झालेल्या या गृहस्थाने नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयाने मोडीत काढलेली यंत्रेच मिळविली होती! तेथे शाईचा काय दोष? आपल्या नोटांतील तंतूही अतिनील दिव्याखाली चमकतात. पण फलटणच्या बाजारात भाजी विकणारीजवळ तो दिवा कोठून असणार? खोटी नोट बँकेत जप्त होते, मोबदला मिळत नाही, आणि भुर्दंड पडतो तो तिच्यावरच. नव्या द्रव्यावर खर्च करण्यापूर्वी पारखण्याचे साधन तिला काय भावाने मिळेल, हे सरकारने आधी सांगावे.