नंबर पंधरवड्यात, पेन्शन कधीच नाही!



भुसावळ, दौंड, कल्याण असो की महाराष्ट्राबाहेरचे इटारसी, सिकंदराबाद असो, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली आणि सॉर्टर, गँगमनच्या पगारावर इंजिनिअर झालेली आपली मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीला जात आहेत. बाप कॉलनीत पेढे वाटतो. मग काही दिवसांनी फोन येतो, "बाबा, नंबर आला!"

हा नंबर म्हणजे नऊ आकड्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर. तो नसेल तर पगाराच्या हिशेबाला अडचण, घरमालक कां कूं करतो, बँक दहा प्रश्न विचारते. देशात शिरल्याची नोंद संगणकावर चढावी म्हणून साधारण दहा दिवस थांबायचे, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद घेऊन कचेरीत स्वतः जायचे, अर्ज द्यायचा. फी नाही. कार्ड टपालाने घरी येते. सगळे कसे चोख! आमची तक्रार नंबर मिळण्याबद्दल नाहीच. नंबरामागोमाग जे मिळायला हवे ते कुठे आहे, हा आमचा सवाल आहे.

हा नंबर जन्मला तो कामगाराच्या म्हातारपणासाठी. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. पण कोट्यवधी कामगारांची नोंद करणार कोण? नव्या खात्याकडे गावोगावी कचेऱ्या नव्हत्या. तेव्हा नोव्हेंबर १९३६ मध्ये हे काम टपाल खात्याच्या गळ्यात पडले. पोस्टमननी अर्ज वाटले, गोळा केले, पोस्टातच कार्डे टाईप झाली. (जादा कामाचा बोजा पोस्टावर टाकण्याची रीत सगळीकडची एकच, हे आपल्या टपाल बंधूंना सांगायला नको.) रेल्वे कामगारांची पेन्शन वेगळी, म्हणून ७०० पासून ७२८ पर्यंतचे सुरुवातीचे आकडे त्यांच्यासाठी राखून ठेवले होते. ही पद्धत १९६३ पर्यंत चालली. १९४६ पासून तर कार्डावर छापलेच जाई की हे ओळखपत्र नव्हे, सामाजिक सुरक्षेपुरते आहे. १९७२ मध्ये ती ओळ काढून टाकली. कामगाराच्या हक्काचा नंबर हळूहळू साऱ्या दारांची किल्ली झाला.

आता आपल्या मुलाचे पाहा. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या कार्डावर लिहिलेले असते की सरकारी परवानगी असेल तरच काम करता येईल. परवानगीची मुदत आधी तीन वर्षे, मग आणखी तीन. पगारातून दरमहा ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात, मालक तेवढेच भरतो. पण पेन्शनचा हक्क मिळायला चाळीस श्रेयांक लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षे! सहा वर्षांची मुदत आणि दहा वर्षांची अट, हे गणित चौथीतला पोरगाही सोडवील. समजा पगार महिना ७,००० डॉलर. कपात ४३४ डॉलर. सहा वर्षांत ३१,२४८ डॉलर, आणि मालकाचा वाटा धरून ६२,४९६. तो परत आला की यातला एक सेंटही हाती पडत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्यामुळे ज्यांची मुदत वाढते ते दहा वर्षे ओलांडतात, हे खरे. बाकीच्यांचे काय?

बरोबर गेलेल्या सुनेची तर आणखी तऱ्हा. एच-फोर व्हिसावर काम करण्याची मुभा नाही, म्हणून नंबरही नाही. २०१५ पासून काही जणींना सवलत मिळाली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला असेल तरच. एम.एस्सी. झालेली मुलगी कर खात्याच्या वेगळ्या नंबरावर नवऱ्याच्या विवरणपत्रात एक ओळ होऊन राहते.

यावर इलाज नाही असे मुळीच नाही. दोन देशांनी करार केला की दोन्हीकडची सेवा जोडून मोजता येते आणि दुहेरी कपात टळते. अमेरिकेने असा पहिला करार इटलीशी केला, तो १९७८ पासून लागू आहे. भारताचाही बेल्जियमशी झालेला करार २००९ पासून चालू आहे, जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडाशीही करार आहेत. अमेरिकेशी मात्र वर्षानुवर्षे नुसत्या वाटाघाटी!

काही साथी म्हणतील, "डॉलरमध्ये कमावणाऱ्यांचे रडगाणे आपल्या पत्रात कशाला?" साथींनो, कपात झालेला पैसा हा मजुरीचाच भाग असतो, तो रुपयात असो की डॉलरमध्ये. आणि करार का अडतो तेही पाहा. अमेरिकेच्या कायद्याची अट अशी की समोरच्या देशाची सामाजिक सुरक्षा सर्वसाधारणपणे सर्वांना लागू असली पाहिजे. इथे आपले सरकार उघडे पडते. असंघटित कामगार बाहेर, कंत्राटी कामगाराचा भविष्य निर्वाह निधी ठेकेदाराच्या मर्जीवर. ग्रामीण डाक सेवकाला आजही खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यासारखी पेन्शन नाही. आणि १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्या आपल्या भावंडांना काय मिळाले? बारा आकडी प्रान नंबर! नंबर हातात दिला, जुनी पेन्शन काढून घेतली. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन आणली, पण तीतही कामगाराची दहा टक्के कपात कायमच आहे.

म्हणून शाखांच्या सर्वसाधारण सभांत दोन ठराव एकत्र मांडा. अमेरिकेशी सामाजिक सुरक्षा करार करा, आणि कपात न होणारी जुनी पेन्शन डाक सेवकांसह सर्वांना द्या. ठरावाच्या प्रती डी.आर.एम. आणि पोस्टमास्तर जनरल यांच्यामार्फत दिल्लीला पाठवा. ज्यांची मुले परत आली आहेत त्यांनी कपातीची वार्षिक विवरणे जपून ठेवावीत. उद्या करार झाला तर ती कामी येऊ शकतील.