जनावराचे भय व भगताचा धंदा

दिवेलागणीनंतर आमच्या घरांत सापाचे नाव घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. नाव घेतले की तो येतो अशी समजूत! ज्याचे नाव घेण्याचीच चोरी, त्याच्याविषयी विचार तरी कसा व्हावा? हे भय नवापुरापासून धडगावच्या पाड्यांपर्यंत घरोघर नांदत आहे, आणि त्यापायी जीव जात आहेत. म्हणून आज चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे.

प्रथम हे कबूल करू की शेतकऱ्याचे हे भय भेकडाचे नव्हे. माडीवर निजणाऱ्याने अनवाणी नांगर धरणाऱ्यास भित्रा म्हणू नये. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मेली, म्हणजे वर्षास सुमारे 58 हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या पेरणी-निंदणीच्या दिवसांत गेलेली. ज्या आठ राज्यांत हे मरण फार, त्यांत गुजरात व मध्य प्रदेश येतात. आमचा जिल्हा या दोघांस खेटून आहे.

भय खरे आहे. पण त्यावरचे आमचे उपाय खोटे आहेत. एक उपाय, दिसला की ठेच. दुसरा, नागपंचमीस पूज. तिसरा, चावला की भगताकडे ने. तिन्ही उपायांनी भय तसूभरही हटले नाही.

बांधवहो, साप घरात का येतो? कणगीसाठी उंदीर येतो, उंदरासाठी साप येतो. त्यास पूर्वजांचे धन राखावयाचे नाही, की डूख धरून सूड घ्यावयाचा नाही. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. आमच्याकडे माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. धामण, दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ हे बिनविषारी. धामण तर शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार. तिला मारणे म्हणजे उंदरास आवतण देणे. मात्र कवड्या आणि मण्यार यांत भलेभले फसतात. म्हणून ओळख पटो वा न पटो, हात लावू नये. 1926 या क्रमांकावर वनखात्यास कळवावे.

आता भगताची विद्या पाहू. बिनविषारी साप चावलेला माणूस मंत्राविनाही जगतो. विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. अशी माणसे उठून बसली की श्रेय मंत्राचे; खरे विष भिनून माणूस मेला की दोष नशिबाचा! ज्यात खोट कधी बसतच नाही असा हा एकच धंदा. जोतीरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापिला तो अशाच मध्यस्थांच्या तावडीतून रयतेस सोडविण्यासाठी. तरीही भगत आमच्याच रक्तामांसाचा आहे. त्यास आमचे सांगणे एवढेच, की अंगारा लावायचा तर गाडीत बसून लाव. गाडी थांबवू नकोस.

भय घालविण्याचा मार्ग घरातूनच जातो. पऱ्हाटी, गोवऱ्या, सुताराची लाकडे, बुरुडाचे बांबू भिंतीला टेकून रचू नयेत. कुडाची भोके व उंदरांची बिळे लिंपावी. रात्री बाहेर पडताना हाती बत्ती, पायात जोडा असावा. भुईवर निजू नये. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चहूकडून खोचावी. मण्यार रात्रीच चावते. तिचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर मिरची-निंबाची चव दाखवीत बसू नये.

दंश झाल्यास आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. हात वा पाय मोडल्याप्रमाणे फळीस हलका बांधून, रोग्यास न चालविता, 108 ची गाडी बोलावून सरकारी दवाखाना गाठावा. साप मारून नेण्याचे कारण नाही. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटे ठेवून पाहतो; गोठले नाही तर घोणस वा फुरशाचे विष, हे त्यास कळते. घोड्याच्या रक्तापासून केलेली एकच लस या चारही सापांच्या विषावर चालते. ती वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो.

पण ती मिळाली पाहिजे! येथे सरकारास आमचा प्रश्न आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचा आराखडा काढला. उत्तम. परंतु सातपुड्यात रोग्यास झोळीतून आणावे लागते, तेथे रात्री आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि लस दोन्ही हजर असतील काय? महाराष्ट्र सरकारच्या 2023 च्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मेलेल्याच्या वारसास 2 लाख रुपये मिळतात; पण खातेदाराच्या कुटुंबासच. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराच्या घरी या योजनेचा पैसाही येत नाही. नाग चावताना सातबारा पाहत नाही. मग सरकारने का पाहावा?

आयाबहिणींनो, आज रात्री लेकरांना 'जनावर' म्हणू नका. साप म्हणा, आणि चौघांची नावे शिकवा. ज्याचे नाव ठाऊक, त्याचे भय निम्मे. उरलेले निम्मे कणगी झाकून, खाट मिळवून आणि दवाखान्याच्या दारी हक्काने उभे राहून जाईल.